गुरुवारी दुर्बीण घालणार आहेत आणि मला ब्रश करतानाच ओकारी येते

प्रश्न विचारणारे दादा डोंबिवलीचे, वय ४१. आठ महिने छातीत जळजळ, गोळी घेतली की बरं, सोडली की परत तेच, म्हणून डॉक्टर म्हणाले एकदा दुर्बिणीतून बघून घेऊ. गुरुवारी सकाळी साडेआठला दादरला ओजीडी स्कोपी आहे, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून अन्ननलिका आणि जठर बघणं. चार रात्री झोप नाही, श्वास अडकेल असं वाटतं, ब्रश मागे गेला तरी उमासे येतात, आणि घरी सांगायची लाज वाटते की एवढ्या छोट्या तपासणीला मी घाबरलोय. गुंगीचं इंजेक्शन घ्यावं की नको, हेही विचारलंय.

दादा, मी डॉक्टर नाही, एंडोस्कोपी रूममध्ये सिस्टर आहे, १९ वर्षं झाली, सगळी मुंबईतच. म्हणजे नळी डॉक्टरांच्या हातात असते आणि पेशंटचं डोकं माझ्या हातात. त्यामुळे आत काय दिसलं ते डॉक्टर सांगतील, पण तुमचा चेहरा त्या पाच मिनिटांत कसा कसा बदलतो हे मला जास्त माहीत आहे.

आधी एक कबुली देते. नवीन होते तेव्हा मी सगळ्यांना एकच वाक्य टाकायचे, "काही होत नाही हो, दोन मिनिटांचं काम." एकदा लालबागचे एक आजोबा होते, गिरणीतले, हाडापेराने मजबूत माणूस, त्यांनाही हेच सांगितलं. नळी घशात जाताना त्यांना जोरात उमासा आला, ते घाबरले, डॉक्टरांचा हात धरला, कसंबसं झालं. उठून बसल्यावर तोंड पुसत मला म्हणाले, "बाय, काही होत नाही म्हणालीस. सांगितलं असतंस तर तयारीनं झोपलो असतो." चिडून पण नाही बोलले, साधंच बोलले, पण मला ते लागलं. तेव्हापासून मी ते वाक्य सोडलं, काय होतं ते सांगते, सेकंदासकट. माणूस दुखण्याला कमी घाबरतो, पुढच्या क्षणाला काय होणार ते माहीत नसलं की जास्त घाबरतो, असं मला एवढ्या वर्षांत वाटायला लागलंय. तर तुमचं पण तसंच सांगते.

गेल्यावर फॉर्मवर सही, बीपी, बोटाला तो चिमटा लावतात ऑक्सिजन बघायला. दातांची कवळी असेल तर काढून घेतात, एखादा दात हलत असेल तर आधी सांगायचं, नाहीतर माउथपीस चावताना तोच निसटायचा. मग घशात स्प्रे. हा लिग्नोकेनचा स्प्रे, आम्ही सगळे झायलोकेनच म्हणतो, दाताच्या डॉक्टरांकडे बधिर करायला जे देतात त्याच घरातला, त्यामुळे तिथे कधी त्रास झाला असेल तर इथे आधी सांगा. चव कडू, अगदी कारलं चावल्यासारखी, आणि गिळायला सांगतात. आता नीट वाचा, कारण निम्मे लोक नळीच्या आधी इथेच घाबरतात. मिनिटभरात घसा बधिर होतो आणि असं वाटतं की घसा सुजला, काहीतरी अडकलंय, थुंकी गिळता येत नाही. अडकलेलं काही नसतं. दाताचं इंजेक्शन घेतल्यावर ओठ केवढा जाड झाल्यासारखा वाटतो, आरशात बघितलं तर होता तेवढाच, तसंच हे. गिळणं चालू असतं, ते तुम्हाला कळत नसतं एवढंच. ही जाड झाल्याची भावना आली की मनात म्हणा, चला स्प्रे लागला, काम करतोय. मी पेशंटना मुद्दाम विचारते, "जड वाटायला लागलं का? छान." ते छान ऐकून माणसाचे खांदे लगेच खाली येतात.

मग डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे थोडे पोटाशी, हनुवटी छातीकडे. दातांत प्लॅस्टिकचं माउथपीस, मधे भोक असलेलं, त्यातून नळी जाते, म्हणजे तुम्ही चावलंत तरी आमचं महागडं यंत्र वाचतं. गालाखाली टॉवेल किंवा ट्रे, कारण लाळ गळते. ती गळू द्यायची. आपल्याकडे लोकांना याचीच जास्त लाज, चांगले शिकलेसवरलेले लोक लाळ गिळायला बघतात आणि तिथेच ठसका लागतो. त्या रूममध्ये लाळेकडे कुणाचंही लक्ष नसतं, माझ्या हातात सक्शन असतं, ते मच्छीबाजारात पाणी ओढतात तसा सुर्र आवाज करतं, तो आवाज ऐकून दचकू नका.

आता ती नळी. साधारण करंगळीएवढी जाड, ९-१० मिलिमीटर. डॉक्टर जिभेवरून मागे नेतात आणि म्हणतात "गिळा". हा मुद्दा. घशाच्या मागून अन्ननलिकेत शिरेपर्यंतचे जे काही सेकंद आहेत तेच खरे वाईट, पाच सेकंद म्हणा, दहा म्हणा, घाबरून मान मागे ओढली तर जास्त. इथे उमासा येणार. येणारच धरून चला. जिभेचा मागचा भाग आणि घसा ही शरीराची वॉचमनची खुर्ची आहे, तिथे अनोळखी काही आलं की मेंदू तुम्हाला न विचारता बाहेर ढकलतो, म्हणून इच्छाशक्ती वगैरेचा यात काही संबंध नाही, पैलवानाला पण येतो आणि ब्रशने ओकारी येणाऱ्याला जरा जास्त येतो. स्प्रेने तो कमी होतो, पूर्ण जातोच असं नाही. एकदा नळी अन्ननलिकेत उतरली की घशावरचा जोर बराच कमी होतो, मग पोटात हवा भरतात, पोट फुगल्यासारखं होतं, ढेकर येतात, मोठ्याने येतात, खुशाल येऊ द्या. सगळं मिळून साधी तपासणी पाचेक मिनिटं, तपासायला आतला छोटा तुकडा घ्यायचा असला तर अजून दोन-चार.

श्वासाचं. अन्नाची नळी वेगळी, श्वासाची वेगळी, आणि दुर्बीण जाते अन्नाच्या नळीत. दादर स्टेशनबाहेर गरम वडापावचा पहिला घास तुम्ही जेवढा मोठा घेता ना, तो या नळीपेक्षा कितीतरी जाड असतो. नाक मोकळं असतं, हवेचा रस्ता मोकळा असतो, बोटाला चिमटा लावलेला असतो त्यावर ऑक्सिजनचा आकडा आम्हाला सतत दिसत असतो. तरी श्वास अडकल्यासारखं का वाटतं? कारण उमासा आला की माणूस स्वतःच श्वास धरून ठेवतो. मी वरून बघत असते, छाती हलतच नाही, डोळे मोठे, मूठ आवळलेली, आणि मॉनिटरवर आकडा ९८. त्या वेळी मी कानाशी एकच बोलते, "सोडा श्वास, सोडा, लांब सोडा." घ्या म्हणत नाही, कारण घ्या म्हटलं की माणूस अजून ओढून धरतो. सोडला की घेणं आपोआप होतं.

म्हणून घरी करायची एवढीच प्रॅक्टिस: आजपासून रात्री डाव्या कुशीवर झोपा, रुमालाची घट्ट गुंडाळी करून पुढच्या दातांत धरा, अर्धी बाहेर राहू द्या, तोंड उघडंच, आणि पाच मिनिटं फक्त नाकाने आत आणि लांब हळू बाहेर, फुंकर घातल्यासारखं. लाळ गळली तर उशीवर जुना टॉवेल. हे वेड्यासारखं दिसतं, म्हणून बायकोला सांगूनच करा, नाहीतर ती घाबरेल. बोटं घशात घालून सवय करायला जाऊ नका, काही लोक करतात, घसा सोलवटून येतात. आणि तिथे डोळे मिटू नका. मिटले की सगळं लक्ष घशात जातं. आमच्या रूममध्ये समोर एक स्विचबोर्ड आहे, मी सांगते बटणं मोजा, ११ आहेत, एका बाईंनी १२ मोजली आणि नंतर मला भांडून दाखवलं की इंडिकेटर धरून १२ होतात. तुम्हाला काय दिसेल ते धरा, पण नजर एका जागी ठेवा, आणि पायाचा अंगठा हलवत राहा, लक्ष तिकडे जातं.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०१६ साली माझीच स्कोपी झाली, आमच्याच रूममध्ये, आणि मी शहाणपणा केला की मला गुंगी नको, मी रोज बघते. स्प्रे झाला, आडवी झाले, आणि नळी दिसल्यावर माझी जी काही गाळण उडाली! डॉक्टरांचं मनगट धरलं मी, नखं लागली त्यांना. मग माझ्यासोबतच्या सिस्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवून जरा दाबला आणि म्हणाली, "अगं आता तुझंच भाषण तुला देऊ का?" हसू आलं मला, माउथपीसमधे कसलं हसू, पण श्वास सुटला आणि काम झालं. तेव्हा कळलं की खांद्यावरचा हात हा औषधाइतकाच कामाचा आहे, आणि तो मागून घेता येतो. तुम्ही पण मागा. आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच बोला की मला भीती वाटते, मला उमासे लवकर येतात. हे ऐकून कुणी हसत नाही, उलट आम्ही स्प्रेला जरा जास्त वेळ देतो, डॉक्टर सावकाश जातात. आणि एक खूण ठरवून घ्या, माउथपीस असल्यावर बोलता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा, "मी हात वर केला तर थांबा." नळीला मात्र हात लावायचा नाही, काहीही झालं तरी, ओढली तर आतून खरचटतं.

गुंगीचं विचारलंत. माझं मत सरळ आहे, तुमच्यासारख्याला चार रात्री झोप नाही आणि उमासे जोरात येतात तर डॉक्टरांना विचारून घ्या, सहन केलं म्हणून तिथे कुणी मेडल देत नाही. बहुतेक वेळा मिडाझोलाम देतात, हाताच्या शिरेतून. पूर्ण बेशुद्ध होत नाही, गुंगी येते, हाक मारली तर ओ देता, पण नंतर आठवत नाही. एक रिक्षावाले दादा होते, सगळं झालं, बाहेरच्या बेडवर आणून झोपवलं, अर्ध्या तासाने उठून मला विचारतात, "सिस्टर, किती वेळ लावताय, माझा नंबर कधी?" काही ठिकाणी प्रोपोफोल देतात, त्याने झोपच लागते, पण त्याला भूलतज्ज्ञ हजर लागतात आणि खर्च वाढतो. घोरण्याचा मोठा त्रास, दमा, हृदयाचं काही असेल तर गुंगीच्या आधी ते सांगायलाच हवं, लपवू नका. आणि गुंगीची किंमत म्हणजे तुमचा अख्खा दिवस जातो. सोबत माणूस लागतोच, त्याशिवाय सोडत नाहीत. २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. आणि कृपा करून दादरहून एकट्याने फास्ट लोकल पकडू नका, दरवाज्यात तर अजिबात नाही, तुम्हाला वाटतं मी एकदम ठीक आहे, तसं वाटतं पण पाय तसे नसतात. डॉक्टर नंतर जे सांगतात ते पण लक्षात राहत नाही, म्हणून सोबत आलेल्यानेच ऐकायचं. त्यासाठी तरी बायकोला सांगा हो. तुम्ही चार रात्री कूस बदलताय हे त्या माउलीला कळलं नसेल असं वाटतं का तुम्हाला?

गुंगीशिवाय करून दुपारी ऑफिसला जाणारे पण रोज बघते, त्यात काही चूक नाही. खूप लोक नुसत्या स्प्रेवर करतात. काही ठिकाणी नाकातून जाणारी बारीक नळी पण मिळते, ५-६ मिलिमीटरची, ती जिभेच्या मागच्या भागाला कमी टेकते म्हणून उमासे कमी, पण सगळीकडे नसते, फोन करून विचारा. ती गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल विचारू नका, ती मुख्यतः लहान आतड्यासाठी आणि तिने तुकडा घेता येत नाही.

तुकडा म्हटलं की लोकांचा चेहरा पांढरा पडतो. बायोप्सी म्हणजे कॅन्सर हे समीकरण कुणी डोक्यात घातलंय देव जाणे. बरेचदा तो तुकडा एच. पायलोरी नावाच्या जंतूसाठी असतो. घेताना दुखत नाही, जठराच्या आतल्या अस्तराला कापल्याचं तसं दुखणं कळत नाही. तांदळाच्या कणीपेक्षा छोटा तुकडा, तो मी एका पिवळ्या जेलमध्ये टाकते, आणि जंतू असेल तर ते जेल गुलाबी व्हायला लागतं, कधी कधी तुम्ही अजून तोंड पुसत असता तोवरच. या जंतूची एक गोष्ट मी घाबरलेल्यांना सांगते. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल, अल्सर या जंतूमुळे होतो यावर कुणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ साली त्यांनी तो जंतूच घोळून प्यायला, आधी स्वतःची स्कोपी करून घेतली, मग आजारी पडल्यावर परत केली. २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. म्हणजे नोबेल मिळालेल्या माणसाने पण आपल्यासारखीच नळी गिळलीय, तीही हौसेने, एकापेक्षा जास्त वेळा. बरं, या टेस्टवरून आठवलं, तुम्ही ज्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेताय त्यांनी ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून आधी काही दिवस बंद ठेवायच्या का ते आजच डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

कधी कधी मात्र भीती नळीची नसतेच. काय निघेल याची असते. आणि ती नळीच्या नावावर खपते, कारण नळीची भीती सांगायला सोपी. तुमच्यासारख्या जळजळीत बहुतेक वेळा सूज, छोटा अल्सर, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग थोडा छातीत सरकणं) किंवा काहीच नाही असं निघतं. पण वजन उतरतंय, घास अडकतोय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, रक्त कमी झालंय असं काही असेल तर ते घाबरून लपवायचं नाही, गुरुवारची तारीख पुढे तर मुळीच ढकलायची नाही.

आता उपाशी राहण्याचं, कारण इथे सगळ्यात जास्त केसेस परत जातात. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर, मग खायचं काही नाही, पोट ६ ते ८ तास रिकामं हवं. साधं पाणी कधीपर्यंत चालेल हे तुमच्या सेंटरने सांगितलं असेल तेच पाळा, काही ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, काही ठिकाणी रात्री बारानंतर घोटही नाही. पण चहा नाही. मुंबईत सकाळी विचारलं, काही खाल्लं का, तर उत्तर येतं, "नाही, काहीच नाही, नुसता चहा." दुधाचा चहा म्हणजे खाणंच. त्यासोबत बुडवलेली दोन पार्ले-जी तर सांगतही नाहीत, ती आम्हाला स्क्रीनवर दिसतात. पोटात अन्न असलं की उलटी होऊन छातीत जायचा धोका, म्हणून आम्ही कडक असतो, छळायचं म्हणून नाही. मिश्री, तंबाखू, सिगारेट त्या सकाळी बंद. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी न विचारता घेऊ नका, रक्त पातळ करायची गोळी मनाने थांबवू नका, बीपीची गोळी बहुतेकदा घोटभर पाण्यासोबत चालते पण तेही विचारून.

साडेआठ म्हणजे साडेआठलाच नंबर असं धरू नका. मधेच कुणी रक्ताची उलटी होऊन आला तर तो आधी जातो. आणि बाकावर बसताना त्या रूमच्या दाराजवळ बसू नका! आतल्या माणसाचे उमाशाचे आवाज बाहेर ऐकू येतात, आणि ऐकणाऱ्याला आतल्यापेक्षा भयंकर वाटतात, ज्याला येतायत तो पाच मिनिटांनी बाहेर येऊन विचारतो कॅन्टीन कुठे आहे. लांब बसा, हेडफोन लावा, भजन लावा नाहीतर क्रिकेटची कॉमेंट्री. फोनवर उपाशीपोटी स्कोपीचे व्हिडिओ बघत बसलेला माणूस मी लांबून ओळखते, त्याचा नंबर येईपर्यंत बीपी दीडशेच्या वर गेलेलं असतं.

स्वच्छतेची शंका असेल तर बिनधास्त विचारा, नळी कशी धुतली. प्रत्येक पेशंटनंतर एन्झाइमच्या पाण्यात, आतून लांब ब्रश फिरवून, मग जंतुनाशक द्रावणात ठरलेला वेळ बुडवून, मग स्वच्छ पाण्याने. नीट काम करणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

झाल्यावर घसा जागा होईपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, साधारण तासभर, मग आधी पाण्याचा छोटा घोट, ठसका लागला नाही तर पुढे. पहिला मान कटिंगला देऊ नका, बधिर तोंडाला गरम कळत नाही, जीभ भाजून येतात लोक. थंड दूध, इडली, दहीभात. घसा एखादा दिवस खवखवेल, ढेकर आणि पोटफुगी संध्याकाळपर्यंत जाते. पण छातीत किंवा पोटात जोरात दुखायला लागलं, ताप आला, रक्ताची उलटी झाली, काळं शौचाला झालं, श्वास लागला किंवा मानेला सूज आली तर वाट न बघता लगेच परत हॉस्पिटल, आतून इजा होणं फार क्वचित असतं, हजारोंत एखाद्याला, पण असतं, आणि तुम्हाला खरं सांगायचं मी आधीच ठरवलंय.

गुरुवारी जुना गडद रंगाचा टीशर्ट घाला, लाळेचे डाग दिसत नाहीत. आणि जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं रात्रीच पिशवीत भरून दाराजवळ ठेवा, सकाळी विचारलं की सगळे म्हणतात ती पांढरी छोटी गोळी, आणि पांढऱ्या छोट्या गोळ्या हजार आहेत.